साहेबांच्या आईला बोलावणं

साखरडोह गावच्या शाळेत लिंबाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करी. न सांगितलेलं मुळीच करत नसे. त्यामुळे त्याची नोकरी सुरळीत चालली होती.

त्याच शाळेत पाचवीत वेणू होती. तिला जाड भिंगांचा चष्मा होता. आठवीतला भगवान तो रोज ओढून घेई आणि उंच धरून तिला उड्या मारायला लावी. शेवटी वेणूचा बाप शाळेत आला. हेडमास्तर दाबकेसरांना म्हणाला, "सर, पोरगी आणखी एकदा रडत घरी आली, तर तिची शाळा बंद."

दाबकेसरांनी ताबडतोब समिती नेमली. समितीने चहा घेतला. मुलं आहेत, चालायचंच, असं एकमताने ठरलं. मग सरांनी लिंबाजीला बोलावलं.

"लिंबाजी, मधल्या सुट्टीत वेणूवर लक्ष ठेव."

लिंबाजीने लक्ष ठेवलं. भगवानने चष्मा ओढला, तो बघत होता. चष्म्याची काडी मोडली, तेही त्याने नीट बघितलं. वर्गाच्या बाईंनी काडीच्या जागी दोरा बांधला आणि वेणूचे डोळे पुसूनच तिला घरी पाठवलं.

"अरे, नुसता बघत काय उभा राहिलास?" सर ओरडले. "अशा वेळी पळत जायचं, दोघांना धरायचं आणि एकमेकांपासून लांब करायचं!"

"बरं सर. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या दोघी बायका मोठं पातेलं दोन कडांना धरून नेत होत्या.

"अगं, नीट धर की! सगळा भार माझ्यावर आलाय," एक म्हणाली.

"तूच वाकडी चालतेस," दुसरी म्हणाली.

लिंबाजी पळत गेला. त्याने दोघींना धरलं आणि लांब केलं. मधली खिचडी मधेच राहिली, म्हणजे जमिनीवर.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, हात लावण्याआधी दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या! शांतपणे बसायचं, विचारायचं, ऐकायचं."

"बरं सर. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढे एकदा ऑफिसात बकरी शिरली. टेबलावर वरून आलेलं परिपत्रक होतं, विद्यार्थ्यांचा छळ कसा थांबवावा याविषयीचं. ते अजून कोणी वाचलं नव्हतं. बकरीने सुरुवात केली. लिंबाजी समोर शांतपणे बसला.

"तुझं काय म्हणणं आहे?" त्याने बकरीला विचारलं.

बकरी म्हणाली, "बें."

मग त्याने परिपत्रकाकडे बघितलं. परिपत्रकाचं काही म्हणणं नव्हतं. तेवढ्यात तेही संपलं.

आता मात्र सरांचा संयम सुटला. "ऐकत काय बसतोस? ज्याने खोडी काढली त्याला सरळ खोलीत कोंडायचं! त्याच्या आईला बोलावून आणायचं. ती येईपर्यंत दार उघडायचं नाही. मग तो कितीही मोठा असो!"

"कितीही मोठा?"

"कितीही!"

"बरं सर. पुढच्या वेळी तसंच करतो."

त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी थोरवेसाहेब आले. शाळेला 'छळमुक्त शाळा' अशी पाटी द्यायची होती. साहेब पटांगणात भाषणाला उभे राहिले. "मी पलीकडच्या जांभुळण्याचाच. माझी आई अजून तिथेच असते," म्हणाले. भाषण रंगेना, तेव्हा त्यांनी पुढे बसलेल्या वेणूला उभं केलं, तिचा दोरा बांधलेला चष्मा काढून स्वतःच्या नाकावर चढवला आणि विचारलं, "काय गं, यातून मी तुला म्हैस दिसतो की रेडा?"

शाळा हसली. दाबकेसर सगळ्यांत मोठ्याने हसले. वेणूला हुंदका फुटला.

लिंबाजी पुढे आला. त्याने साहेबांना दंडाला धरून खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि सायकल काढून जांभुळण्याला निघून गेला.

कुलूप कोणी फोडलं नाही. ते सरकारी होतं. फोडायला साहेबांची परवानगी लागते, आणि साहेब लेखी काही द्यायला तयार नव्हते. आतून नुसतेच ओरडत होते.

शाळा सुटायच्या सुमाराला वेणूचा बाप तिला न्यायला आला. "झालं, आजपासून शाळा बंद," तिचे रडवेले डोळे बघून तो म्हणाला आणि तिचं दप्तर उचललं. इतक्यात सायकलच्या कॅरिअरवर बसून साहेबांची म्हातारी आई आली. लिंबाजीने दार उघडलं.

"काय केलंस रं?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही गं आई, जरा गंमत..."

"पोरीचा चष्मा काढून घेतला. ती रडली," लिंबाजी म्हणाला.

म्हातारीने साहेबांचा कान धरला. "आधी चष्मा दे. आता हात जोड!"

साहेबांनी चष्मा दिला, हात जोडले आणि म्हणाले, "चुकलो, बाळ."

भगवानचा चेहरा पडला. त्याची आई तर गावातच राहत होती.

वेणूच्या बापाने दप्तर तिच्या पाठीला लावलं. "उद्या वेळेवर जायचं हो शाळेत," असं तिला सांगून टाकलं.

म्हातारीचं अजून संपलं नव्हतं. "पोर रडत होती, तवा बाकीचे काय करीत होते?"

"हसत होते," लिंबाजी म्हणाला.

"समद्यात जास्त कोण?"

लिंबाजी खोटं बोलत नसे. त्याने दाबकेसरांकडे बघितलं. मग साहेबांना बाहेर घेतलं, दाबकेसरांना दंडाला धरून आत नेलं, कुलूप लावलं, सायकल काढली आणि दाराला तोंड लावून अदबीने विचारलं, "सर, तुमच्या आई कुठल्या गावाला असतात?"