बेडकीचं डबकं

दादाची होडी आता कोण धुणार?
मी सगळ्यांना विचारलं.

दादा रोज शिडाची होडी घेऊन समुद्रात जायचा. आला की होडी अंगणात ओढायचा. गोड्या पाण्याने धुवायचा. होडीखाली डबकं साचायचं. त्यात एक बेडकी नाहायची. एवढुशी. नखाएवढी.

दादा गेला. आता तो येणार नाही. डबकं सुकलं.

बेडकी निघाली. टुणुक टुणुक.
"होडी होडी, डबकं साचेना. मी नाहू कुठे?"
होडी म्हणाली, "माझ्या अंगावर मीठच मीठ. बादली भरेल, तर मी निथळेन."

टुणुक टुणुक.
"बादली बादली, होडी निथळेना, डबकं साचेना. मी नाहू कुठे?"
बादली म्हणाली, "मी काय पायांनी विहिरीत उतरू? कप्पी फिरेल, तर मी भरेन."

टुणुक टुणुक.
"कप्पी कप्पी, बादली भरेना, होडी निथळेना, डबकं साचेना. मी नाहू कुठे?"
कप्पी म्हणाली, "करकर करकर. मी गंजले. धाकटा तेल घालेल, तर मी फिरेन."

धाकटा म्हणजे मी. मी पायरीवर बसलो होतो.

टुणुक टुणुक.
"धाकट्या धाकट्या, कप्पी फिरेना, बादली भरेना, होडी निथळेना, डबकं साचेना. मी नाहू कुठे?"
मी म्हणालो, "जा गं. समोर एवढा समुद्र आहे."
"तो खारट. अंगाला झोंबतो."
"मग दादाला सांग. तो उठवेल, तर मी उठेन."

बेडकी ओट्यावर गेली. टुणुक. टुणुक. तिथे दादाची चटई होती. गुंडाळलेली.
"दादा दादा, धाकटा उठेना, कप्पी फिरेना, बादली भरेना, होडी निथळेना, डबकं साचेना. मी नाहू कुठे?"
चटई गप्प.

बेडकी परत आली. माझ्या पायावर बसली. तिची पाठ कोरडी पडली होती.
"धाकट्या, दादा बोलेना."
"हो," मी म्हणालो. "माझ्याशीपण."

आणि मी उठलो.

तेल घातलं. कप्पी फिरली, गर गर गर.
बादली भरली, बुडुक.
होडीवर पाणी ओतलं, सळळ सळळ. एक बादली, दोन बादल्या, तीन बादल्या.
पण डबकं साचेना.
"काय गं होडी, आता काय?"
होडी म्हणाली, "अरे वेड्या, बूच कोण काढणार? पोटात पाणी घेऊन बसलेय मी."
होडीच्या बुडाला भोक असतं. भोकाला बूच असतं. दादा आधी बूच काढायचा. मी विसरलो.

बूच काढलं. गळ गळ गळ गळ.
होडी निथळली. डबकं साचलं.
बेडकीने उडी मारली. डुबुक.
"गार आहे का गं?"
"दादाच्या पाण्यासारखं," बेडकी म्हणाली.

मग मी शीड उलगडलं. तेही धुतलं. उन्हात घातलं तर कापड विरतं, म्हणून माडाच्या सावलीत वाळत घातलं. चारही कोपरे ओढून, सरळ.