होडी काही थांबेना

खाडीकाठी ओली वाळू. वाळूत एक बीळ. बिळात राहायची चिंगी चिंबोरी.

चिंगी एवढीशी खेकडी. बीळ खणून खणून दमली. आता निजणार, तेवढ्यात…

खर्र खर्र! होडी आली घासत. बीळ मोडलं!

चिंगीने पुन्हा खणलं. खर्र खर्र! पुन्हा मोडलं!

तिरकी तिरकी, तुरु तुरु. चिंगी गेली होडीकडे.

"होडी होडी, थांब ना! चिंगीला झोप येईना!"

"मी कशी थांबू? पाणी मला ओढतं. दगड मला धरेल, तर थांबेन."

तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"दगडा दगडा, धर ना! होडी थांबेना, चिंगीला झोप येईना!"

"मी कसा धरू? मी गोल, घसरतो. वाकडी फांदी वाळूत रुतेल, तर धरेन."

तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"फांदी फांदी, रुत ना! दगड धरेना, होडी थांबेना, चिंगीला झोप येईना!"

"मी कशी रुतू? मी हलकी, तरंगते. दोरी मला दगडाशी बांधेल, तर रुतेन."

तिरकी तिरकी… तुरु… तुरु.

"दोरी दोरी, बांध ना! फांदी रुतेना, दगड धरेना, होडी थांबेना, चिंगीला झोप येईना!"

"मला कुठे हात? होडीवाले बाबलकाका गाठ मारतील, तर बांधेन."

बाबलकाका वाळूत बसले होते. पाय पसरून.

"काका काका, उठा ना! दोरी बांधेना, फांदी रुतेना, दगड धरेना, होडी थांबेना, चिंगीला झोप येईना!"

"जाळं ओढून दमलो गो. काकू पेज देईल, तर उठेन."

शेवंताकाकू चुलीपाशी. तीही दमलेली.

"काकू काकू, पेज दे ना! काका उठेनात, दोरी बांधेना, फांदी रुतेना, दगड… दगड…"

चिंगीला पुढे बोलवेना. ती मटकन बसली.

"अगो बाय! एवढीशी तू, किती दमलीस!" काकू कण्हत कण्हत उठली.

काकूने पेज दिली. भुर्र भुर्र! काका प्यायले. काका उठले.
काकांनी गाठ मारली. दोरीने बांधलं. फांदी आणि दगड, घट्ट घट्ट! दोरीचं दुसरं टोक होडीला.

"हा झाला नांगर!" काका म्हणाले.

डुबुक! नांगर पाण्यात.
फांदी वाळूत रुतली. दगडाने दाबून धरलं. पाण्याने होडीला ओढलं. ओढ ओढ ओढलं. पण नांगर सुटेना.

होडी थांबली!

चिंगीने बीळ खणलं. हळू हळू, आत आत.

काकू आडवी झाली. काका आडवे झाले. होडी डुलत राहिली.

आणि चिंगी?

श्श्श… चिंगी निजली.