शाळेचं मडकं

नदीच्या एका वळणावर कुंभारांचं गाव होतं. जितकी घरं तितकी चाकं. या गावाची एक सवय होती. मडकं हातात घेतलं की आधी त्याला टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर बाजूला ठेवायचं. सख्ख्या भावाने घडवलेलं मडकंही वाजवूनच घेत आणि भावाला त्याचा राग येत नसे.

गावात एक शाळा होती. तिच्या खर्चासाठी वाडवडिलांनी कर घालून दिला होता: भट्टीमागे एक मडकं. भट्टी उघडली की प्रत्येक घर आपलं मडकं शाळेच्या कोठीत नेऊन ठेवी. गावचा कारभारी ती मडकी बाजारात विकून गुरुजींचा पगार, मुलांच्या पाट्या आणि शाळेचं छप्पर बघे.

या मडक्यांचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी विचारत नसे. शाळेला दिलं म्हणजे देवाला दिलं आणि दिलेल्याची चौकशी केली की पुण्य जातं, अशी त्यांची समजूत. शहाणी माणसंसुद्धा एखादा वेडेपणा असा जपून ठेवतात.

त्या गावात एक म्हातारी कुंभारीण आणि तिची नात अशा दोघीच राहत. म्हातारीला अक्षर ओळखता येत नव्हतं. नात मात्र शाळेतून आली की आजीच्या ओल्या मडक्यांवर, काठाखाली, काडीने एक छोटासा 'म' काढी. म्हातारी तो पुसत नसे. तसाच भाजून काढी आणि भट्टी उघडली की आधी त्या अक्षरावरून बोट फिरवी.

एका वर्षी शाळेचं छप्पर एका बाजूने खचलं. गुरुजींना चार महिने पगार नव्हता. ते मुलांना म्हणाले, "मला तुम्हाला सोडून जायचं नाही रे. पण घरी चूल पेटायला हवी. ही अमावास्या झाली की मी पलीकडच्या गावी जाईन."

नात घरी आली ती कोपऱ्यात जाऊन बसली. त्या दिवशी तिने एकाही मडक्यावर अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्याने चिंचेखाली गाव जमवलं. खाली मान घालून तो म्हणाला, "एका मडक्यात शाळा चालत नाही. आता भट्टीमागे दोन द्यावी लागतील."

गावात कुरकुर सुरू झाली. सगळ्यात मोठ्या भट्टीचा धनी सगळ्यात मोठ्याने बोलला, "आहे ते एकच जड जातंय. दोन कुठनं आणायची?" श्रीमंतांना ओझं जरा लवकरच जड होतं.

म्हातारी उठून घरी गेली. लोकांना वाटलं, बिचारीची भट्टी दहा मडक्यांची, तिला कसं परवडणार. पण ती दोन मडकी घेऊन परत आली आणि कारभाऱ्यापुढे ठेवली.

"ही माझी दोन," ती म्हणाली. "दिली. आता इचारते. आधीची मडकी कुठं गेली?"

मोठा धनी म्हणाला, "म्हातारे, दिलेल्याचा हिशेब मागतीस? पाप लागंल."

"भावाचं मडकं वाजवून घेतोस, तवा लागत न्हाई ते?" म्हातारी म्हणाली. "शाळा बुडाली तर माझी नात माझ्यासारखी अक्षराला आंधळी राहील. ते पाप कुणाच्या माथी?"

सगळ्यांच्या नजरा कारभाऱ्याकडे वळल्या. मागून कुणीतरी 'चोर' असंही पुटपुटलं. कारभारी म्हातारीसमोर येऊन बसला.

"मी एक मडकं खाल्लं न्हाई, काकू," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "मला कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई. कुणाकडं लगीन निघालं, कुणाकडं पावणं आलं, की कोठीतली मडकी न्यायचे. परत आणतो म्हणायचे. मागायला गेलो की माझीच जीभ अडायची. सात वरसं वाट बघतोय, कुणीतरी इचारंल म्हणून."

म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलासच तू," ती म्हणाली. "पर आमी बी चुकलो, लेकरा. सगळ्या गावाचं ओझं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर दिलं आणि मागं वळून बघितलं न्हाई."

तेवढ्यात आजीमागे आलेली नात चिंचेलगतच्या मोठ्या धन्याच्या अंगणाशी जाऊन उभी राहिली. "आजी," ती तिथूनच म्हणाली, "इथं माझे चार 'म' आहेत."

धन्याचा चेहरा उतरला. लेकीच्या लग्नाला नेलेली मडकी त्याच्याच अंगणात पाणी भरून उभी होती. मग जो तो आपापल्या घरी गेला आणि मान खाली घालून परत आला. कुणाच्या हातात दोन, कुणाच्या डोक्यावर पाच. दिवस मावळेपर्यंत कोठी अर्धी भरली.

सगळ्यांसमोर मोजणी झाली. गुरुजींचा थकलेला पगार निघत होता, पण छपराला पैसे उरत नव्हते. हिशेब चोख झाला म्हणून खर्च काही कमी होत नाही. भट्टीमागे दोन मडकी लागणारच होती.

या वेळी कुणी कुरकुरलं नाही. पहिली दोन मोठ्या धन्याने आणून ठेवली आणि कुणी सांगितलं नसताना तिसरंही ठेवलं.

अमावास्या आली आणि गेली. गुरुजी गेले नाहीत.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मुलं शाळेच्या भिंतीवर खडूने लिहीत: किती मडकी आली, किती विकली, पैसे कशाला लागले. नात ते गावाला मोठ्याने वाचून दाखवी. कारभारी आता मान वर करून चालू लागला. कुणी कोठीतलं मडकं मागितलं तर म्हणे, "नेतोस तर ने, पर भिंतीवर तुझं नाव लागंल." मग कुणी नेत नसे.

म्हातारीही दर वेळी वाचन ऐकायला येई. सगळं ऐकून झालं की ती पुढे होऊन त्या भिंतीला हलकेच एक टिचकी मारी आणि म्हणे, "हां. खणखणीत हाय."

तात्पर्य: शाळेसाठी सढळ हाताने द्यावं आणि दिलेलं कुठे गेलं ते तितक्याच मोकळेपणाने विचारावं. विचारल्याने पुण्य जात नाही, न विचारल्याने शाळा जाते.