दवबिंदूचं फूल

"पण माशीला कळायचं कसं?" हेरंब वैतागून म्हणाला. "रोप एकच. वर फूल, खाली सापळा. दोघंही बोलावतात. कोण जेवायला घालणार आणि कोण खाणार, हे तिला सांगणार कोण?"

अच्युतबुवा डोंगरावरच्या सपाट सड्यावर, कातळावर बसले होते. समोर ओल्या मातीत दवबिंदू नावाच्या किडेखाऊ वनस्पतीचं वीतभर रोप. पानांच्या लाल केसांवर चिकट थेंब, आणि वर बारीक देठावर गुलाबी फूल.

"वास घे," बुवा म्हणाले.

हेरंब पालथा झाला. फुलाला नाक लावलं, मग पानाला.

"कशालाच वास नाही."

"तुला नाही."

"असं अर्धवट बोलू नका, बुवा. डोकं उठतं. लोक याला ज्ञान म्हणतात. मला आळस वाटतो."

बुवांनी जांभई दिली.

याच माणसाच्या मठात राहायला हेरंबनं वनस्पतिशास्त्राचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं होतं. तीन वर्षं त्यानं बुवांचे पाय चेपले, चहा उकळला, आणि काहीही विचारलं की 'बघू' एवढंच ऐकलं. काल वडिलांचा फोन आला. कॉलेज परत घ्यायला तयार आहे, पण सोमवारी हजर व्हायचं.

एक चिलट आलं. फुलावर टेकलं, परागात लोळलं, उडालं. जरा घिरट्या घातल्या आणि पानावर उतरलं. एक पाय चिकटला. तो सोडवायला त्यानं दुसरा टेकवला...

पानाचे केस सावकाश त्याच्याकडे वाकू लागले.

हेरंब उठून बुवांशेजारी येऊन बसला. बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सरळ विचारतो," हेरंब म्हणाला. "मी तुमच्याकडे आलो तेव्हा मलाही वास आला होता. शांततेचा म्हणा, कसला म्हणा. त्यापायी घर सोडलं. आई अजून माझ्याशी बोलत नाही. सोमवारी जाऊ की राहू, ते मला आज ठरवायचंय."

"हं."

"हं काय? तुम्ही कोण आहात, तेवढं सांगा. फूल की पान?"

बुवा पानावरच्या चिलटाकडे बघत राहिले.

"आता गप्प बसलात तर माझ्यासारखा वाईट नाही."

बुवांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मला काय माहीत? उठता येतंय का बघ."