महिपती मास्तरची तपासणी

एका गावात एक भोळा मास्तर होता. भोळा किती, तर वाटेत कुणी ‘थांबा, आलोच’ म्हणून गेलं आणि परत यायचं विसरलं, तर हा दिवेलागणीपर्यंत तिथेच उभा. नाव महिपती. शाळेत नवा लागला होता, अजून कायम झाला नव्हता. महिनाअखेरीला साहेब तपासणीला यायचे होते. त्यांना शिकवणं पसंत पडलं तर नोकरी कायम, नाही तर गाशा गुंडाळायचा.

त्यात लग्नाचं घोंगडंही भिजत पडलेलं. शिवरामअण्णांच्या कौसल्येवर महिपतीचा जीव होता, आणि आश्चर्य म्हणजे तिचाही त्याच्यावर होता. पण अण्णांनी साफ सांगून टाकलं होतं, “साहेबांनी कायम केलं की अक्षता टाकतो. नाही तर तलाठ्याचं स्थळ तयारच आहे.”

महिपती जोरात कामाला लागला. पहिल्या दिवशी घंटा झाल्यापासून जो बोलायला लागला, तो मधल्या सुट्टीपर्यंत थांबलाच नाही. आधी मागची पोरं झोपली, मग मधली, मग पुढची. मास्तरनं आवाज खाली आणला, पोरांची झोपमोड नको म्हणून. मग चपला हातात घेतल्या आणि हळूच बाहेर आला.

बाहेर हेडबाई उभ्या होत्या. त्यांचं नाव दुर्गाबाई. पण गावात सगळे हेडबाईच म्हणायचे.

“अहो मास्तर, नुसतं तोंडानं बोलून मूल शिकत नसतं. धडा ज्या वस्तूचा असेल, ती वस्तू वर्गात आणायची. मुलांच्या हातात द्यायची. हाताळलं की डोक्यात बसतं.”

“असं होय? पुढच्या वेळी तसंच करतो, बाई.”

पुढचा धडा होता विंचवाचा.

मास्तरनं सकाळी माळावरचे धोंडे उलथेपालथे केले आणि चांगला काळाकुट्ट विंचू चिमट्यात धरून आणला. पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणाला, “हात पुढं कर. हाताळल्याशिवाय डोक्यात बसत नाही.” पोरगं खिडकीतून पसार झालं. त्याच्यामागून अख्खा वर्ग. कुणी चिंचेवर चढलं, कुणी थेट घरी गेलं. हाताळायला कुणी उरलं नाही, म्हणून विंचवानं मास्तरलाच डंख मारला.

हेडबाईंनी चुना लावता लावता समजावलं, “जिथं इजा होण्यासारखं असेल तिथं खरी वस्तू आणायची नसते. फळ्यावर चित्र काढायचं. मुलांना लांबून बघू द्यायचं.”

“हे आधी सांगायचं ना बाई. पुढच्या वेळी तसंच करतो.”

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढायची पाळी मास्तरची होती. पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसली. मास्तरनं पातेल्यावरचं झाकण काढलं, तर भसकन वाफ आली. बोट लावून पाहिलं, तर चटका बसला. मास्तरनं लगेच झाकण ठेवलं, फळा बाहेर आणला आणि त्यावर खिचडीचं झकास चित्र काढलं. शेजारी लोणच्याची फोडसुद्धा काढली.

“मास्तर, भूक लागलीय,” पोरं म्हणाली.

“मग नीट बघा,” मास्तर म्हणाला.

तासाभरानं सगळ्यांच्या आया शाळेत आल्या. त्या काय काय बोलल्या ते इथं लिहिता येत नाही.

आया गेल्यावर हेडबाई म्हणाल्या, “अहो, पोरं तोंडानं सांगत होती ना? मूल काही सांगत असेल तर आधी ऐकायचं. त्याला शाब्बास म्हणायचं. त्यानं मुलांना हुरूप येतो.”

“खरंय. पुढच्या वेळी तसंच करतो, बाई.”

पुढचा तास गणिताचा. मास्तरनं विचारलं, “सात आणि आठ किती?”

“चौदा,” एक जण म्हणाला.

“शाब्बास.”

“वीस.”

“शाब्बास.”

पोरांना हुरूप आला. मागच्या बाकावरून आवाज आला, “मास्तर, आज रविवार आहे.”

“शाब्बास,” मास्तर म्हणाला, आणि मंगळवारी भर दुपारी शाळा सुटली.

हेडबाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांची तपासणी उद्यावर आली होती. बाईंनी मास्तरला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. “उत्तर आलं की लगेच हुरळून जायचं नाही. बरोबर असो, चूक असो, चेहरा कोरा ठेवायचा. म्हणायचं, ‘खात्री आहे का? पुन्हा विचार कर.’ मग मूल थांबतं, विचार करतं, कारणासकट सांगतं. तेव्हा कुठं पाठीवर थाप द्यायची. समजलं?”

“समजलं, बाई. उद्या तसंच करतो.”

साहेब आले. खिडकीबाहेर शिवरामअण्णा कान देऊन उभे राहिले. साहेबांनी एका मुलीला उठवलं. “सात आणि आठ किती?”

“पंधरा.”

मास्तरचा चेहरा कोरा. “खात्री आहे का? पुन्हा विचार कर.”

मुलीनं विचार केला. “हो. सात आणि सात चौदा, वर एक. पंधराच.”

“शाब्बास,” म्हणून मास्तरनं तिच्या पाठीवर थाप दिली.

साहेब खूश झाले. म्हणाले, “वा, मुलांना विचार करायला लावणारा मास्तर फार दिवसांनी पाहिला.” हेडबाईंचा जीव भांड्यात पडला. खिडकीबाहेर अण्णांनी मनातल्या मनात मांडवही घातला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. “ठरलं. महिपती मास्तर, मी तुम्हाला कायम करतो.”

मास्तरचा चेहरा कोरा.

“खात्री आहे का? पुन्हा विचार करा.”

साहेब थांबले. हेडबाई मागून हात हलवत होत्या, पण मास्तरचं लक्ष सगळं साहेबांकडे. साहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बराच वेळ विचार केला आणि टोपण पुन्हा लावलं.

“नाही. कायम करत नाही. कारण, ज्या मास्तरला स्वतःचीच खात्री नाही, त्याची खात्री मी कशाला देऊ?”

खिडकीबाहेरून अण्णा तडक तलाठ्याच्या घराकडे निघाले.

आणि इकडे महिपतीचा चेहरा खुलला. तो पुढं झाला, आणि साहेबांच्या पाठीत त्यानं अशी थाप घातली की त्यांचा चष्मा उडून तिसऱ्या बाकावर गेला.

“शाब्बास, साहेब. आता कसं कारणासकट आलं.”