साळुंक्यांची ओतशाळा

एका राज्यात धुके हाच शत्रू होता. ते डोंगरापलीकडून येई, आणि ज्या गावावर उतरे त्या गावातली माणसे एकमेकांची नावे विसरून जात. राजवाड्यावरची कांस्यघंटा वाजली की ते मागे हटे. ती घंटा तडकली, आणि त्या दिवसापासून राजा चंडवर्म्याच्या तोंडून साधे वाक्य निघेनासे झाले. निघाली ती गर्जनाच.

नवी घंटा ओतण्याचे काम राजाच्या ओतशाळेकडे आले. तिची अधिष्ठात्री शाल्मली. त्या ओतशाळेत पूर्वापार एक रीत होती. आज्ञा ऐकणाऱ्याने ती परत उच्चारायची, आणि आज्ञा देणाऱ्याने ‘होय’ म्हटल्यावाचून कोणी हात हलवायचा नाही. वितळलेल्या कांशापुढे गैरसमजाला क्षमा नसते, म्हणून ही रीत. परंतु धूम्रकेश नावाचा मांत्रिक राजाच्या कानाशी लागला. “महाराज, सेवक आपले शब्द आपल्यालाच ऐकवतात. हा उद्दामपणा नव्हे काय?” भ्यालेल्या राजाला ते पटले. मांत्रिकाने ओतशाळेवर शाप घातला: राजाज्ञा जो परत उच्चारील, तो पक्षी होईल.

घंटा ओतण्याचा दिवस आला. राजा गर्जला, “ओता!” शाल्मलीचा धाकटा भाऊ शुभंकर पुढे झाला. “ओतावे अशी आज्ञा, परंतु महाराज, साचा…” एवढे बोलला, आणि साळुंकी होऊन तुळईवर जाऊन बसला. त्याच्यामागून ज्यांनी ज्यांनी तोंड उघडले, तेही त्याच्या शेजारी जाऊन बसले. उरलेल्यांनी मुकाट मूस कलती केली. रस साच्यात गेला, आणि साचा फुटला.

शाल्मली तुळईखाली उभी राहिली. “शुभंकरा, हा शाप कशाने सुटेल?”

“सेवकाचे वाक्य राजा स्वतःच्या मुखाने परत बोलेल तेव्हा, ताई.”

“आमचा राजा कोणाचे वाक्य परत बोलतो का?”

“म्हणून तर आम्ही इथे बसून किडे टिपतो आहोत.”

ती तडक दरबारात गेली. “महाराज, आमची रीत आम्हांला परत द्या. तिच्यावाचून घंटा होणार नाही.”

राजा काही बोलण्याआधीच धूम्रकेश हसला. “एवढा ताठा आहे, तर तीन कामे कर. जखिणीचा अग्नी आण, नागाचे तांबे आण, आणि धुके आत शिरण्यापूर्वी घंटा ओत. एकात जरी चुकलीस, तरी तुळईवरच्या प्रत्येक साळुंकीची मान मुरगळीन.”

“अग्नी, तांबे, घंटा; आणि चुकले तर माझ्या माणसांच्या माना,” शाल्मली म्हणाली. “नीट ऐकले ना मी?”

ही आज्ञा राजाची नव्हती, मांत्रिकाची होती. म्हणून शाप तिला शिवला नाही. पण तिने काय केले, ते सर्वांना उमगले.

जखीण डोंगराच्या कपारीत राहत असे. शाल्मलीला पाहताच तिने निखारे उधळले. “आलीस? तूही न्यायलाच आलीस! नेणारे सगळे, विचारणारे कोणी नाही!”

“सगळे नेतात, विचारत कोणी नाही, असे आपण म्हणता.”

जखिणीचा हात वरच्या वर थांबला. “होय. तेच म्हणते मी. किती वर्षे म्हणते आहे!”

“मग मी विचारते. अग्नी द्याल?”

जखिणीने अग्नी दिला. तो शाल्मलीच्या पदरात मांजराच्या पिलासारखा अंग मुडपून निजला.

नाग तळघरात तांब्याच्या राशीवर बसला होता. त्याच्याभोवती हात पुढे केलेले तांब्याचे वीर उभे होते. नाग फार सावकाश बोले. सकाळी तो म्हणाला, “हे तांबे घे.” पूर्वी आलेल्या त्या वीरांनी एवढे ऐकूनच राशीत हात घातले होते, आणि ते तांब्याचे झाले होते. शाल्मली थांबली. उन्हे उतरली तेव्हा नागाचे वाक्य पुरे झाले: “…पण डावीकडचे घेऊ नकोस; ते शापित आहे.”

“उजवे घ्यावे, डावे सोडावे,” ती म्हणाली. नागाने फणा लववली.

ती परतली तेव्हा धुके तटाला भिडले होते. नागाचे तांबे मुशीत पडले, कांसे उकळू लागले. तिने नव्या साच्यावर तळवा टेकला. तळवा ओला झाला; ओल्या साच्यात रस ओतला की वाफेने तो फुटतो. सज्जात राजा उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“ओत!” तो गर्जला. “कशाची वाट पाहतेस? ओत!”

शाल्मली वळली. “ओतावे, अशी महाराजांची आज्ञा. साचा ओला आहे.”

तिच्या बोटांतून पिसे फुटली.

“उलट बोलते!” धूम्रकेश किंचाळला.

“उलट बोलत नाही, परत बोलते. ओतावे, अशी आज्ञा. साचा ओला आहे.” तिचे दंड पंख झाले. कामकरी भिंतीला टेकले. “आणखीही एक ऐकले मी, महाराज. धुके तटाशी आले आहे, आणि आपण भ्यालात. मीही भ्याले आहे. पण पक्षी झाले तरी हेच वाक्य बोलेन, आणि चोच आहे तोवर बोलत राहीन. साचा ओला आहे!”

शेवटचा शब्द चोचीतून आला.

राजाची भीती आजवर त्याला कोणी ऐकवली नव्हती. त्याने कठडा घट्ट धरला. “साचा…” तो हळूच म्हणाला. “साचा ओला आहे.”

तुळईवरून माणसे धडाधड खाली पडली, आणि शाल्मलीचे पंख पुन्हा हात झाले. शुभंकर धूळ झटकत उठला. तोंडात अडकलेला शब्द आता बाहेर पडला. “…ओला आहे, महाराज!”

“कळले,” राजा म्हणाला.

धूम्रकेशाने पुन्हा मंत्र उच्चारला. सगळ्या ओतशाळेने तो जसाच्या तसा त्याला परत ऐकवला. त्याच्या जागी एक टिटवी उरली. ती ओरडत धुक्यात निघून गेली.

शाल्मलीने पदर सोडला. जखिणीचा अग्नी साच्याभोवती वेटोळे घालून बसला. धुके अंगणात आले, उंबऱ्याशी आले. माणसे एकमेकांची नावे मोठ्याने घेत उभी राहिली. कोणी घाई केली नाही. तिने पुन्हा तळवा टेकला, तेव्हा तो कोरडा राहिला.

“साचा कोरडा आहे, महाराज.”

“साचा कोरडा आहे. ओतावे.”

“ओतावे, अशी आज्ञा.”

“होय,” राजा म्हणाला.

घंटा झाली, आणि तिच्या पहिल्या ठोक्याला धुके डोंगरापलीकडे गेले. ती अजून वाजते. प्रत्येक ठोका समोरचा डोंगर परत ऐकवतो, आणि त्या राज्यात आता त्याला कोणी उद्दाम म्हणत नाही.