भाड्याच्या तीन ढोल्या

पाखरं आपसात घरभाडं देत-घेत होती, तेव्हाची गोष्ट. उद्या चोच बोथट झाली तर खायचं काय, म्हणून ठोकेराव सुतारपक्ष्यानं सावरीच्या झाडात तीन ढोल्या कोरल्या. लगेच पोपटांचा थवा आला.

"तिन्ही आम्हालाच द्या," थोरला पोपट म्हणाला. "भाडं रोज तीन पेरू."

ठोकेराव हरखला. त्याची बायको चिमाबाई मात्र म्हणाली, "आणि पेरूचा बहर सरला की?"

"मग आम्ही डोंगरापलीकडे जातो."

"सगळेच?"

"थवा आहे बाई. मागं कोण राहणार?"

चिमाबाईनं पोपटांना एकच ढोली दिली. दुसरी दिली साळुंकीला, तिसरी पिंगळ्याला. हातचे दोन पेरू गेले म्हणून ठोकेराव आठवडाभर गाल फुगवून बसला.

बहर सरला, पोपट उडाले. त्या दिवशीही साळुंकीनं अळी आणून दिली, पिंगळ्यानं नाकतोडा. चार दिवसांत रिकाम्या ढोलीत दयाळ पक्षी राहायला आला.

ठोकेराव मिटक्या मारत म्हणाला, "अगं, याच झाडात चौथी ढोली कोरतो."

"आणि वादळात हे झाड पडलं की? कोरा," चिमाबाई म्हणाली, "पण पलीकडच्या झाडात."